‘माझ्या मशीनवर तर चालतंय’: एका कॉलेजच्या रेडिओ लॅबचं प्रकरण

पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या गावातलं इंजिनिअरिंग कॉलेज. ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन विभाग, तिसरं वर्ष, प्रॅक्टिकलच्या तीन बॅच. कम्युनिकेशन लॅबमध्ये एएम-एफएमचे जुने ट्रेनर किट. त्यातले कुठले चालू आणि कुठले बंद, हे फक्त लॅबच्या मामांना माहीत. मुलं दरवर्षी त्याच पॅचकॉर्ड त्याच भोकांत खुपसायची आणि तीच वेव्हफॉर्म जर्नलमध्ये काढायची. ज्यांच्या किटवर काही यायचं नाही, ती शेजारच्याचं बघून काढायची.

२०२४-२५ च्या दुसऱ्या सत्रात विभागातल्या एका तरुण सरांनी ठरवलं की हे बंद करायचं आणि मुलांना सॉफ्टवेअर रेडिओ द्यायचा. सर माझ्याच कॉलेजचे, मला तीन वर्षं ज्युनिअर. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये, छंदाने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. फोन आला, “दादा, दोन शनिवार द्या, लॅब उभी करू.” दोनाचे सहा शनिवार झाले. ते का झाले, कुठे चुकलं आणि कुठे जमलं, ते इथे लिहून ठेवतोय. कॉलेज आणि माणसं ओळखू येतील असं सगळं गाळलंय. तांत्रिक भाग मात्र जसा घडला तसा आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साध्या रेडिओत स्टेशन निवडणं, फिल्टर करणं, आवाज वेगळा काढणं ही कामं कॉइल, कपॅसिटर आणि आयसी करतात. सॉफ्टवेअर रेडिओत हार्डवेअर फक्त हवेतला सिग्नल पकडून त्याचे आकडे करून देतं, पुढचं सगळं काम संगणकावरचा प्रोग्रॅम करतो. आमच्याकडचं हार्डवेअर म्हणजे आरटीएल२८३२यू चिपचे यूएसबी डोंगल. ही चिप मुळात संगणकावर टीव्ही बघण्यासाठी बनलेली. तिच्यातून कच्ची ८ बिटांची सॅम्पल बाहेर काढता येतात हे २०१२ च्या सुमाराला लक्षात आलं आणि स्वस्त रेडिओची दारं उघडली. सॉफ्टवेअर म्हणजे ग्नू रेडिओ. एरिक ब्लॉसमने ते २००१ मध्ये सुरू केलं, पाठीशी जॉन गिल्मोर यांचा पैसा होता. त्यात पडद्यावर ब्लॉक मांडायचे, तारा जोडायच्या, की रेडिओ तयार. त्या मांडणीला फ्लोग्राफ म्हणतात.

ग्नू रेडिओ हा एक सुटा प्रोग्रॅम नाही हे इथे सांगायला हवं. सी++ मधला गाभा, वर पायथन, पडद्यासाठी क्यूटी, गणितासाठी व्होल्क आणि एफएफटीडब्ल्यू, डोंगलसाठी वेगळी लायब्ररी, असं हे मोठं खटलं आहे. ते जन्मलं आणि वाढलं लिनक्सच्या अंगणात. विंडोज आणि मॅकवर नंतर गेलं. पुढची बहुतेक डोकेदुखी या घरातली माणसं एकमेकांना न ओळखण्यातून निघाली.

अडचण

पहिलं प्रॅक्टिकल सोपं होतं: एफएम रिसीव्हर बांधा, आकाशवाणी ऐका. सरांनी घरी लॅपटॉपवर फ्लोग्राफ बनवून ऐकूनही पाहिला होता. शनिवारी सकाळी तोच फ्लोग्राफ लॅबमध्ये उघडला.

सरांच्या लॅपटॉपवर उबंटू २२.०४, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, त्याच्याबरोबर येणारा ग्नू रेडिओ ३.१०. लॅबमधल्या डझनभर मशीनवर विंडोज १० आणि उबंटू २०.०४ अशी दोन्ही. त्या उबंटूबरोबर येतो ३.८. सरांनी डोंगलसाठी ‘सोपी’ (इंग्रजी Soapy) जातीचा ब्लॉक वापरला होता, तो ३.८ मध्ये नव्हताच. त्याच्या जागी ‘ब्लॉक सापडत नाही’ असा रिकामा डबा. विंडोजवर डोंगल लावला की विंडोजला तो टीव्ही ट्यूनर वाटायचा. मुलांच्या लॅपटॉपवर विंडोज ११. दोघांकडे मॅकबुक, एक इंटेलचा, एक एम१. आणि एका मुलीचा लॅपटॉप उबंटूचा, त्यावर तिने सुट्टीत व्हिडिओ बघून ग्नू रेडिओ सोर्सवरून बिल्ड केलेला, म्हणजे तयार प्रोग्रॅम न घेता मूळ कोडपासून स्वतः बनवलेला. तिचं काय झालं ते पुढे येईलच.

भरीला डोंगलही एका जातीचे नव्हते. आठ जुने, आधीच्या प्रोजेक्टसाठी घेतलेले. चार नवे, आरटीएल-एसडीआर ब्लॉगच्या व्ही४ जातीचे. जुने काही मशीनवर बोलायचे. नवे सगळीकडे ओळखले जायचे, पण ऐकायला फक्त खरखर.

दुपारी एकपर्यंत बारा मशीनपैकी तीनवर आकाशवाणी लागली. सर म्हणाले, “माझ्या मशीनवर तर चालतंय.” हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की मला हसू आवरलं नाही. त्यांनाही नाही.

समोरचे पर्याय

विभागप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये चहावर बसलो. सरांचं म्हणणं सरळ होतं: सगळीकडे सोर्सवरून बिल्ड करायचं. मुलं शिकतील, आवृत्ती एकच राहील. मला हे पटत होतं आणि पटतही नव्हतं. बिल्ड करणं शिकायलाच हवं, पण ज्या दिवशी एफएम शिकायचंय त्याच दिवशी नाही. उशीर नको म्हणून लगेच एका मशीनवर करून पाहिलं. लॅबच्या मशीनला ४ जीबी रॅम. सरांनी सवयीने चार कामं एकदम चालवायला सांगितली. ग्नू रेडिओ ३.९ पासून पायथनशी जोडणी पायबाइंड११ ने होते, आणि त्या फायली कम्पाइल होताना मेमरी भसाभस खातात. मशीन गोठलं, माउस हलेना, मग कम्पायलरच मारला गेला. एकेक काम करून चालवलं तेव्हा झालं, पण मामा लॅब बंद करायला किल्ली घेऊन उभे राहिले तरी पट्टी शंभरावर पोचली नव्हती.

दुसरा पर्याय व्हर्च्युअल मशीनचा. एकदा नीट बसवायचं आणि तीच प्रत सगळ्यांना वाटायची. कागदावर फार देखणा. पण ४ जीबीत विंडोज आणि त्याच्या पोटात उबंटू म्हणजे एका पाटावर दोघांना जेवायला बसवणं. शिवाय डोंगल सेकंदाला लाखो सॅम्पल ओततो, ती दोन सिस्टिमच्या उंबरठ्यावरून जाताना सांडतात. सॅम्पल सांडली की ग्नू रेडिओ टर्मिनलवर ‘ओ’ अक्षर छापतो. आमच्या चाचणीत ओळच्या ओळ ओ-ओ-ओ. विंडोजच्या पोटातल्या लिनक्सचाही, म्हणजे डब्ल्यूएसएलचाही, विचार झाला. तिथे डोंगल आत न्यायला आणखी एक साधन लागतं आणि प्रत्येक वेळी तो हाताने जोडावा लागतो. साठ मुलांना दर आठवड्याला ते सांगणं नको वाटलं.

तिसरा, पेन ड्राइव्हवरचं उबंटू. लॅबच्या मशीनच्या बायोसला, म्हणजे मशीन कशावरून सुरू व्हायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड, आणि तो ज्यांनी घातला ते कॉलेज सोडून गेलेले. विषय संपला.

चौथा थोडा हुशार: एका चांगल्या मशीनला डोंगल लावायचे आणि नेटवर्कवरून सॅम्पल वाटायची. त्यासाठी आरटीएल-टीसीपी नावाचं तयार साधन आहे. हिशेब केला. सेकंदाला २४ लाख सॅम्पल, प्रत्येकाचे दोन बाइट, म्हणजे ४.८ एमबी, म्हणजे ३८.४ मेगाबिट. एका डोंगलचं हे, आणि हे साधन एका वेळी एकाच गिऱ्हाइकाला वाढतं. डझनभर मशीनसाठी डझनभर प्रवाह लॅबच्या जुन्या स्विचवर सोडायचे? नको.

पाचवा पर्याय रेडिओकोंडा. पायथनवाल्यांची कोंडा ही पद्धत वापरून ग्नू रेडिओ, डोंगलच्या लायब्ऱ्या आणि बाकी गोतावळा एकाच इन्स्टॉलरमध्ये बांधलेला. लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींसाठी आहे, आणि वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतो, अॅडमिनचा पासवर्ड लागत नाही. माझा कल इकडे होता. सरांना ते ‘तयार मसाला’ वाटत होतं.

निर्णय लागला तो मॅडमच्या एका प्रश्नाने. त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी हे दादा नसतील. सर, तुमची बदली झाली तर? तेव्हा हे कोण सांभाळणार?” आम्ही दोघं इतका वेळ कुठला मार्ग तांत्रिकदृष्ट्या चांगला यावर भांडत होतो. मॅडम विचारत होत्या की कुठला मार्ग मामांना आणि नव्या लेक्चररला झेपेल.

ठरलं ते असं. सगळीकडे रेडिओकोंडा. सोर्सवरून बिल्ड हे सत्राच्या शेवटी एक वेगळं प्रॅक्टिकल, तेही त्यासाठी राखून ठेवलेल्या एकाच बऱ्या मशीनवर. आणि पहिली दोन प्रॅक्टिकल डोंगलशिवाय, आधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या सिग्नलवर. हा शेवटचा मुद्दा मी जाता जाता बोललो होतो. लॅब वाचवली ती त्याने.

काय केलं

रेकॉर्डिंग आधी केलं. सेकंदाला ९ लाख ६० हजार सॅम्पलने एक मिनिट. ८ बिटांत मिनिटाची फाइल ११५ एमबी होते. तीच ग्नू रेडिओच्या आवडत्या रूपात, म्हणजे सॅम्पलला ८ बाइट धरून साठवली तर ४६० एमबी. आम्ही मुद्दाम लहान आणि कच्ची ठेवली. कारण मग मुलांना स्वतः बाइटचे आकडे करावे लागतात, त्यातून १२७.५ वजा करावे लागतात आणि एकाआड एक येणारी आय आणि क्यू ही दोन मूल्यं वेगळी काढावी लागतात. वजाबाकी विसरली की स्पेक्ट्रमच्या बरोबर मध्ये एक काठी उभी राहते. ती काठी कुठून आली हे शोधण्यात मुलं जे शिकली, ते मी पाटीवर तासभर लिहून शिकवू शकलो नसतो.

९ लाख ६० हजार हा आकडाही हिशेबाने निवडला. चारने भागलं की २ लाख ४० हजार, एफएम सोडवायला पुरतात. पुन्हा पाचने भागलं की ४८ हजार, जो दर जवळपास प्रत्येक साउंड कार्ड मुकाट्याने घेतं. आधी सरांच्या फ्लोग्राफमध्ये ४४,१०० होते. काही मशीनवर आवाज अडखळायचा आणि टर्मिनलवर ‘ए-यू, ए-यू’ छापून यायचं. साउंड कार्डला वेळेवर खाऊ मिळत नाही, असा त्याचा अर्थ.

आणखी एक बारीक गोष्ट. सरांचा फ्लोग्राफ ज्या उदाहरणावरून घेतला होता त्यात डी-एम्फसिस, म्हणजे वरच्या सुरांची धार कमी करणारा फिल्टर, ७५ मायक्रोसेकंद होता. तो अमेरिकेचा. आपल्याकडे ५० चालतो. ७५ ठेवला तर आकाशवाणी ऐकू येतेच, फक्त निवेदिकेला सर्दी झाल्यासारखी वाटते. सरांनी हा प्रश्न ओरलसाठी राखून ठेवला.

विंडोजवर डोंगलसाठी झॅडिग नावाचं छोटं साधन चालवून टीव्हीचा ड्रायव्हर काढायचा आणि विनयूएसबी बसवायचा. इथे अॅडमिनचे अधिकार लागतात, म्हणून ऑफिसातून परवानगीचा कागद आणावा लागला. झॅडिगला ‘सगळी यंत्रं दाखव’ सांगितलं की यादीत सगळीच यूएसबी यंत्रं येतात, आणि चुकीच्या ओळीवर बटण दाबलं तर ड्रायव्हर त्या यंत्राचा बदलतो. एका मुलाने वायरलेस माउसच्या रिसीव्हरला रेडिओ करून टाकलं. माउस गप्प. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डवरूनच शिरून ते यंत्र ड्रायव्हरसकट काढलं, रिसीव्हर पुन्हा खोचला, माउस परत आला. तेव्हापासून भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद: ‘बल्क-इन, इंटरफेस ०’ हीच ओळ, आणि ओळखक्रमांकाचा शेवट २८३८ असेल तरच बटण दाबा.

एका मुलीच्या लॅपटॉपवर इन्स्टॉलर पहिल्याच पायरीला कुरकुरायला लागला. तिने विंडोजचं खातं मराठीत उघडलं होतं, त्यामुळे तिचं फोल्डरही देवनागरीत. कोंडाला फोल्डरच्या पत्त्यात इंग्रजीबाहेरची अक्षरं चालत नाहीत. सी ड्राइव्हवर साध्या नावाचं फोल्डर करून तिथे बसवलं. आपल्याच भाषेत आपलं नाव लिहिल्याची ही शिक्षा, पण त्या दुपारी भांडायला वेळ नव्हता.

उबंटूचा गाभा, म्हणजे कर्नल, डोंगलला टीव्ही समजून आधीच धरून बसतो. मग ग्नू रेडिओ मागायला गेला की ‘क्लेम इंटरफेस, एरर -६’ असं उत्तर मिळतं. कर्नलचा तो टीव्हीचा भाग (मॉड्यूल) काळ्या यादीत टाकला आणि साध्या वापरणाऱ्यालाही डोंगल हाताळू देणारा नियम बसवला. मॅकने सर्वांत कमी छळलं. एम१ वाल्याने इंटेलचा इन्स्टॉलर घेतला होता, तो काढून योग्य तो घातला, बस.

एक दुपार: पायथनपाथ

सोर्सवरून बिल्ड केलेल्या त्या मुलीच्या लॅपटॉपवर रेडिओकोंडा बसला, पण उघडेना. ग्नू रेडिओ आहे, पण त्याचा पायथनशी जोडणारा भाग सापडत नाही, अशी तक्रार. मी काढून पुन्हा बसवलं. तेच. इन्स्टॉलर खराब उतरला असेल म्हणून पेन ड्राइव्हवरून दुसरी प्रत आणली. तेच. तिसऱ्यांदा बसवताना मी मनातल्या मनात हात टेकले होते.

ती शांतपणे म्हणाली, “सर, मी व्हिडिओ बघताना बॅशआरसीत, त्या टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, काहीतरी लिहिलं होतं.”

फाइल उघडली. तिथे पायथनपाथची, म्हणजे पायथनने कुठल्या फोल्डरमध्ये आधी शोधायचं ते सांगणारी, एक ओळ होती. उबंटूवर ग्नू रेडिओ सोर्सवरून बसवला की तो यूएसआर-लोकलच्या आत जातो आणि पायथनला ते फोल्डर नेहमीच आपोआप सापडतं असं नाही. म्हणून ही ओळ लिहायला सांगतात, आणि त्या वेळी ते बरोबरच असतं. पण ही ओळ सगळ्या पायथनना लागू होते. कोंडाचा पायथन वेगळ्या आवृत्तीचा. त्याला जाग आली की तो आधी पायथनपाथ वाचायचा, जुन्या घरात जायचा, तिथे ग्नू रेडिओचं फोल्डर बघून खूश व्हायचा. आतला कम्पाइल केलेला भाग मात्र उबंटूच्या पायथनसाठी, पायथन ३.१० साठी बांधलेला. तो याला दिसतच नसे. स्वतःच्या घरातला नवा ग्नू रेडिओ बघायची वेळ त्याच्यावर येतच नव्हती. मी तीनदा जे घर झाडून सारवलं, त्या घरात तो राहतच नव्हता.

इथे दोन मार्ग होते. ग्नू रेडिओ सुरू करण्याआधी ही ओळ तात्पुरती पुसणारी छोटी स्क्रिप्ट लिहायची, म्हणजे तिचं जुनं बिल्डही चालू राहील. किंवा ओळच काढून टाकायची. मी स्क्रिप्टच्या बाजूने होतो. ती म्हणाली, “ओळ काढा. जुन्याचं मला काही काम नाही, आणि महिन्याने ही स्क्रिप्ट कशासाठी आहे ते मी विसरेन.” तिचं बरोबर होतं.

त्या संध्याकाळी आम्ही चार ओळी छापणारी एक तपासणी लिहिली: कुठला पायथन चालतोय, ग्नू रेडिओ कुठल्या फोल्डरमधून आला, त्याची आवृत्ती काय, आणि डोंगल स्वतःचं नाव काय सांगतो. कुणी ‘चालत नाही’ म्हणालं की आधी ही चालवायची आणि त्या चार ओळी वाचून दाखवायच्या. त्यानंतर पुन्हा इन्स्टॉल करायची वेळ फार क्वचित आली.

व्ही४ चं गूढ

ही चूक पूर्णपणे माझी. लिहायला जड जातंय, पण टाळण्यात अर्थ नाही.

रेडिओकोंडा बसल्यावर आठ जुने डोंगल सगळीकडे चालायला लागले. चार नवे मात्र कुठेच नाहीत. सुरुवातीला मला कारण माहीत आहे असं वाटत होतं. व्ही४ मध्ये आर८२८डी हा ट्यूनर, म्हणजे स्टेशन निवडणारी चिप, आहे. जुनी लायब्ररी हा ट्यूनर दिसला की गृहीत धरते की त्याला ठेका देणारा क्रिस्टल १६ मेगाहर्ट्झचा आहे. व्ही४ मध्ये असतो २८.८ चा. म्हणजे तुम्ही १०० मेगाहर्ट्झ मागा, डोंगल जाऊन बसतो १८० च्या आसपास, आणि टर्मिनलवर ‘पीएलएल लॉक होत नाही’, म्हणजे ट्यूनर जागेवर स्थिरावत नाही, अशी ओळ येते. उबंटू २२.०४ बरोबर येणारी लायब्ररी अशीच जुनी, त्यामुळे पहिल्या शनिवारची खरखर समजण्यासारखी होती. पण रेडिओकोंडाबरोबर आलेली लायब्ररी तर व्ही४ ओळखणारी होती.

एक अख्खा शनिवार गेला. केबल बदलल्या, अँटेना खिडकीच्या ग्रिलपासून लांब नेली, ट्यूबलाइट बंद केल्या. शेवटी सरांनी घरून स्वतःचा व्ही४ आणला. तोच संगणक, तेच पोर्ट, तोच फ्लोग्राफ. आकाशवाणी खणखणीत.

म्हणजे बिघाड आमच्या चार डोंगलमध्येच. चारही एकदम कसे बिघडतील? मग तपासणीची चौथी ओळ वाचली. सरांचा डोंगल सांगत होता ‘ब्लॉग व्ही४’. आमचे सांगत होते ‘लॅब-९’, ‘लॅब-१०’, ‘लॅब-११’, ‘लॅब-१२’.

ते नाव मीच दिलं होतं. बहुतेक डोंगल कारखान्यातून एकाच सिरियल नंबरचे येतात, शेवटी १ आणि आधी सगळी शून्यं. एका मशीनला दोन लावले की गोंधळ. म्हणून पहिल्या शनिवारीच मी आतल्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे डोंगलची ओळख साठवणाऱ्या छोट्या मेमरीत, क्रमांक लिहायला घेतले. जुन्या आठांना फक्त सिरियल दिला. नव्यांना, उत्साहाच्या भरात, प्रॉडक्टच्या नावाच्या जागीही लॅबचं नाव घातलं. यादीत छान दिसेल म्हणून. पण व्ही४ ओळखणारी लायब्ररी त्याला ओळखते कशावरून? ईईप्रॉममधल्या उत्पादक आणि प्रॉडक्ट या दोन नावांवरून. ‘ब्लॉग व्ही४’ दिसलं की २८.८ धरायचं, नाही तर १६. मी पाटी बदलली आणि पोस्टमनला घर सापडेना.

जुनं नाव लिहिलं, डोंगल काढून पुन्हा लावले, चारही बोलायला लागले. पाच मिनिटांचं काम. सिरियल मात्र वेगवेगळे ठेवले, त्याने काही बिघडत नाही. लॅबचे क्रमांक आता पांढऱ्या पेंटने कव्हरवर लिहिलेत. मामांनी लिहिलेत, अक्षर सुरेख आहे.

निकाल

प्रॅक्टिकल तीन आठवडे उशिरा सुरू झाली. रेकॉर्डिंगवरचं पहिलं प्रॅक्टिकल पहिल्याच दिवशी दोन मशीन वगळता सगळ्यांचं झालं. त्या दोन मशीनची हार्ड डिस्कच मरायला टेकली होती, त्यात रेडिओचा दोष नाही. तिसऱ्या प्रॅक्टिकलला डोंगल आले. तोवर मुलांना फ्लोग्राफ हाताळता येत होता, त्यामुळे बिघाड कुठल्या बाजूला आहे हे ती स्वतः सांगायची: “सर, फाइलवर चालतंय, डोंगलवर नाही.” अर्धं निदान तिथेच होत होतं.

मध्ये एक घसरण झाली. काही मुलांनी वसतिगृहात जाऊन रेडिओकोंडाचा त्या आठवड्यात आलेला नवा इन्स्टॉलर उतरवला, लॅबमध्ये त्याआधीचा होता. दोन्हींत ग्नू रेडिओ ३.१० च, पण आजूबाजूची माणसं बदललेली, आणि एका फ्लोग्राफची खिडकी घरी उघडायची ती लॅबमध्ये उघडेना. एकच आवृत्ती ठेवायची म्हणून हा मार्ग निवडला आणि आवृत्ती बांधून घालायचंच विसरलो. मग तीन सिस्टिमसाठीचे तीन इन्स्टॉलर लॅबच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवले आणि सत्र संपेपर्यंत दुसरं काही घ्यायचं नाही असं फळ्यावर लिहिलं.

शेवटी विमानांचं प्रॅक्टिकल झालं. विमानं १०९० मेगाहर्ट्झवर आपली उंची आणि जागा सांगत जातात. गच्चीवर अँटेना धरून मुलांनी मुंबईकडे जाणारी विमानं पडद्यावर पाहिली. जर्नलमध्ये शेजारच्याचं बघून काढण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण शेजारच्याला पाच मिनिटांनी दुसरंच विमान दिसायचं.

सोर्सवरून बिल्डचं प्रॅक्टिकल ऐच्छिक ठेवलं होतं. पायथनपाथवालीने ते घेतलं, स्वतःचा एक ब्लॉक लिहिला, आणि बिल्ड करताना तो रेडिओकोंडाच्या घरातच बसेल याची काळजी कुणी न सांगता घेतली.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या शनिवारी मी एकही इन्स्टॉलर उघडणार नाही. वही घेऊन बसेन आणि लिहीन: कुठलं मशीन, किती रॅम, कुठली सिस्टिम, अॅडमिन कोण, डोंगल कुठल्या जातीचा, त्यावर आधी कुणी काय केलंय. बायोसचा पासवर्ड आणि ४ जीबी रॅम या दोन गोष्टी आधी कळल्या असत्या तर अर्धे पर्याय चहा येण्याआधीच बाद झाले असते.

ईईप्रॉमला हात लावण्याआधी त्याची प्रत काढून ठेवीन. ईईप्रॉम लिहिणारं साधनच प्रत काढूनही देतं, एका ओळीचं काम आहे. मी ती ओळ लिहिली नाही आणि एक शनिवार मोजला.

एका गोष्टीवर सरांचं आणि माझं अजून एकमत नाही. सरांना वाटतं की आठवड्याभरासाठी का होईना, सगळ्यांनाच सोर्सवरून बिल्ड करायला लावायला हवं होतं. त्या मुलीने जे शोधलं ते तिने आधी स्वतः बिल्ड करून ठेचा खाल्ल्या होत्या म्हणूनच, हे त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण बाकीच्या साठांपैकी कितीजण एरर बघून लॅपटॉप मिटून घरी गेले असते, हेही मला दिसतं.

आणि एक प्रश्न टांगलेलाच आहे. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि लॅबची जुनी मशीन विंडोज ११ घेत नाहीत. सरांना ती पूर्ण उबंटूवर न्यायची आहेत. ऑफिसला त्याच मशीनवर ऑनलाइन परीक्षा घ्यायच्या असतात, आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. मॅडमनी नव्या मशीनचा प्रस्ताव पाठवलाय. मी बारा मशीनची यादी करून दिलीय, या वेळी आधी.